भूत उतरवताना: हॉन्टेड हाउसच्या कलाकारांचा एअरब्रश मेकअप कसा काढावा

हॉन्टेड हाउसमध्ये, म्हणजे कलाकार भुतं बनून प्रेक्षकांना घाबरवतात त्या खेळात, चेहरा रंगवायला माणूस ठेवलेला असतो, उतरवायला बहुधा कुणीच नसतं. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसवून ज्याचं निगुतीनं प्रेत केलं, तोच कलाकार शो संपल्यावर बेसिनपाशी उभा राहून हाताला लागेल त्या साबणानं आणि खरखरीत टिश्यूनं गाल घासत असतो. पहिल्या रात्री हे खपून जातं. चौथ्या-पाचव्या रात्री त्याच गालावर रंग मारला की झोंबतो आणि तो म्हणतो, "तुमच्या रंगाची ॲलर्जी आलीय मला." तपासून पाहिलं तर बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, आदल्या चार रात्रींच्या घासण्याचा असतो.

एवढी एक गोष्ट मनाशी पक्की केली की बाकीचं आपोआप सुचत जातं: एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबानं बारीक फवारा मारून चढवलेला, रंग घासून निघत नाही, सुटून निघतो. सुटायला योग्य द्रव लागतो आणि त्या द्रवाला वेळ द्यावा लागतो. हात हलवायचा तो अगदी शेवटी, आणि तोही हलका.

चेहऱ्यावर नेमकं आहे काय?

एअरब्रशमधून उडतात ते रंगकण, त्यांना त्वचेवर धरून ठेवणारा बांधक पदार्थ आणि हे सगळं पातळ ठेवणारा द्रव. द्रव थोड्याच वेळात उडून जातो, मागे पापुद्रा राहतो. तो कशाचा आहे, यावर तो कशानं सुटेल हे ठरतं. सगळ्याला आपण सरसकट 'एअरब्रश मेकअप' म्हणतो, पण आत तीन वेगळ्या जाती आहेत.

पाण्यावर आधारलेला रंग सगळ्यांत गरीब स्वभावाचा. घामानं ओघळतो, बोट लागलं तर पुसला जातो, आणि त्याच कारणानं साध्या फेसवॉशनं जातोही. रात्रभर ओरडत धावणाऱ्या कलाकारावर तो टिकत नाही, म्हणून या कामात कमी दिसतो. दोनेक तासांचा छोटा शो असेल तर मात्र मी तोच वापरेन.

सिलिकॉनवर आधारलेला रंग नेहमीच्या सौंदर्य-मेकअपमधून इकडे आला. त्यातलं हलकं सिलिकॉन उडून गेलं तरी राहिलेला थर पाण्याला जवळ येऊ देत नाही. साबणाचं पाणी त्यावरून घरंगळतं. तेल मात्र त्यात सहज शिरतं.

अल्कोहोलवर आधारलेला रंग हा हॉन्टेड हाउसचा खरा कामाचा गडी. अल्कोहोल उडालं की राळेचा किंवा ॲक्रिलिकचा पातळ, लवचीक, घामाला दाद न देणारा पापुद्रा उरतो. मास्कची कड घासली, कुणी अंगावर आदळलं, तरी तो जागचा हलत नाही. शोमध्ये ज्या गुणासाठी आपण त्याला डोक्यावर घेतो, तोच गुण रात्री डोक्याला ताप होतो.

कोणता रंग आहे हे बाटलीवरून कळतं. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते, म्हणून पहिली दोन-तीन नावं पुरेत. पाणी पहिलं असेल तर बहुधा पाण्याचा रंग. सुरुवातीलाच '-मेथिकोन' किंवा '-सिलोक्सेन' असा शेवट असलेली नावं दिसली तर सिलिकॉनचा. अल्कोहोल वर असेल तर अल्कोहोलचा. बाटली हरवली असेल किंवा रंग दुसऱ्यानं मारला असेल, तर मनगटावरच्या एका छोट्या ठिपक्यावर परीक्षा घ्या. ओला स्पंज दहा सेकंद टेकवा. स्पंजावर रंग आला तर पाण्याचा. नाही आला तर कोरडं करून तेलाचा थेंब ठेवा आणि अर्धा मिनिट थांबा. पटकन विरघळून पसरला तर सिलिकॉनचा; जेमतेम कडा सैल झाल्या किंवा काहीच झालं नाही, तर अल्कोहोलचा समजून चाला.

इथे एक फसगत होते. साधा पाण्याचा रंग मारला आणि वरून टिकण्यासाठी सीलर स्प्रे मारला, तर वरचा थर सीलरचा असतो. खालचा रंग कितीही गरीब असला तरी पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. "हा तर पाण्यानं जाणारा रंग, मग निघत का नाही?" असं विचारत बसलेल्या माणसाला आधी सीलरबद्दल विचारा.

उतरवायची तयारी संध्याकाळीच

दाढी आदल्या रात्री करायला सांगा. त्याच संध्याकाळी केली तर वस्तऱ्यानं पडलेल्या बारीक ओरखड्यांत अल्कोहोल शिरतं. लावताना झोंबतं आणि काढताना दुप्पट झोंबतं.

रंगाच्या आधी कोरड्या, स्वच्छ चेहऱ्यावर मेकअपचं बॅरियर क्रीम किंवा स्प्रे लावा. रंग आणि त्वचा यांच्यात हा एक पातळ पडदा राहतो, आणि रात्री त्याचे उपकार कळतात. तेलकट मॉइश्चरायझर मात्र नको, त्यावर अल्कोहोलचा रंग धरतच नाही आणि शोच्या मध्यावर पोपडे सुटू लागतात. भुवयांवरून लेटेक्स (रबराचा चीक) जाणार असेल तर त्या आधी पेट्रोलियम जेलीनं चांगल्या माखून घ्या. कोरड्या केसांवर वाळलेलं लेटेक्स निघताना केस मुळासकट घेऊन येतं.

रंग पातळ थरांत मारा. जाड थर सुटायला वेळ घेतो आणि तोंडाच्या कडेला तडकतोही. नवीन कलाकार असेल तर हंगाम सुरू होण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रंगाची, चिकट द्रव्याची आणि रिमूव्हरचीही चाचणी घ्या आणि निदान २४ ते ४८ तास वाट पाहा. रंगाची चाचणी घेणारे पुष्कळ भेटतात, रिमूव्हरची घेणारा क्वचित. चेहऱ्यावर चोळलं जातं ते मात्र रिमूव्हरच.

आणि एक चिठ्ठी. प्रत्येक कलाकारासाठी तीन ओळी: रंग कोणता, चिकटवलंय कशानं, वरून सीलर आहे का. रंगवणारा माणूस रात्री अकरा वाजता घरी गेलेला असतो, चिठ्ठी आरशावर चिकटलेली असते.

टेबल मांडणं

हिशेब आधी करा. वीस कलाकार आणि प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर दोनशे मिनिटं होतात. एकटा माणूस सगळ्यांचे चेहरे उतरवू लागला तर शेवटचा कलाकार तीन तासांनी मोकळा होईल, आणि अर्थातच तो थांबणार नाही. बेसिनपाशी जाऊन घासेल. म्हणून कामाची विभागणी करा. साधा रंग कलाकारानं स्वतः काढायचा, त्यासाठी आरसे आणि सामान मांडून ठेवायचं. चिकटवलेले तुकडे, जखमा, शिंगं असली कामं माहीतगार माणसाच्या हाती. स्वतः काढणाऱ्यांना पहिल्या दिवशी एकदा करून दाखवा. तोंडी सूचना थकलेल्या माणसाच्या कानात शिरत नाहीत.

टेबलावर लागेल ते असं: मिनरल ऑइल किंवा बेबी ऑइल, आयसोप्रोपिल मिरिस्टेट (पातळ तेलासारखं, न उडणारं द्रव) किंवा त्यावर आधारलेलं रिमूव्हर, डोळ्यांसाठीचं वेगळं रिमूव्हर, सौम्य फेसवॉश, शेव्हिंग फोम, कॉटन पॅड, इअरबड, एकदा वापरून टाकायचे मऊ स्पंज, गडद रंगाचे मऊ टॉवेल, मॉइश्चरायझर, पेट्रोलियम जेली, आणि झाकणाचा धातूचा कचऱ्याचा डबा. साध्या मेकअप वाइप्सवर भिस्त ठेवू नका. अल्कोहोलच्या रंगावर त्या जवळपास निरुपयोगी आणि त्यांच्या नादानं माणूस घासत सुटतो.

स्वच्छतेबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे भलतीच निष्काळजी चालते. एअरब्रशचा मोठा फायदा असा की सुई चेहऱ्यापासून काही इंच लांब राहते; रंगवताना कुणाच्या त्वचेला काही लागत नाही. पण उतरवताना सगळ्यांच्या त्वचेला सगळं लागतं. एकाच्या गालावरून फिरलेला स्पंज पुन्हा रिमूव्हरच्या वाटीत बुडवला की ती वाटी वीस जणांची झाली. डोळे येणं किंवा ओठांवरच्या नागिणीचे फोड असा एखादा संसर्ग सगळ्या गटात फिरवायला एवढं पुरे. म्हणून द्रव कायम पंपाच्या बाटलीतून पॅडवर घ्यायचा, पॅड बाटलीत बुडवायचा नाही, आणि एका माणसाचा स्पंज त्याच माणसाबरोबर डब्यात.

आग. आयसोप्रोपिल अल्कोहोल साधारण १२ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे खोलीत ते कायमच धोक्याच्या पातळीवर असतं. शो संपल्यावर पहिली सिगारेट पेटवायची घाई असलेला कलाकार प्रत्येक गटात एक तरी असतो. मेकअपच्या खोलीत ठिणगी नको, खिडकी किंवा पंखा हवाच, आणि भिजलेला कापूस झाकणाच्या डब्यात.

पहिली पायरी: जे सुटं आहे ते आधी

विग, नकली दात, नखं, शिंगांचा पट्टा, गळ्यातलं सामान काढा. पोशाख बदलून पुढून उघडणारा जुना शर्ट घाला. चेहरा स्वच्छ झाल्यावर डोक्यातून काढायचा कपडा अंगात असला तर सगळी मेहनत पाण्यात. एक ग्लास पाणी प्यायला लावा. धुरात आणि मास्कखाली चार तास घालवलेल्या माणसाला चक्कर येऊ शकते.

मग हात साबणानं धुवून, तंतू न सोडणाऱ्या कापडानं कोरडे करून कॉन्टॅक्ट लेन्स काढायच्या. लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या आणि मेकअप काढण्याच्याही आधी काढायच्या, हा क्रम पक्का. रिमूव्हर लागलेल्या बोटांनी लेन्स काढणं म्हणजे डोळ्यात सॉल्व्हंट घालण्यासारखंच. लेन्स लेन्सच्याच द्रावणात ठेवा, नळाच्या पाण्यात कधीही नाही. पाण्यातले सूक्ष्म जीव लेन्सच्या मागे अडकून बुबुळाला गंभीर इजा करू शकतात. आणि पांढऱ्या डोळ्यांची एकच जोडी तीन झॉम्बींनी पाळीपाळीनं वापरायची, हा प्रकार दिसला तर तिथल्या तिथे बंद करा.

दुसरी पायरी: चिकटवलेलं

हे रंगाच्या आधी, कारण कडांवरचा रंग आणि गोंद एकमेकांत मिसळलेले असतात. गोंद कोणता हे चिठ्ठीत असेलच. स्पिरिट गम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली राळ. त्याचं रिमूव्हर स्वस्त आणि सहज मिळणारं. प्रॉस-एडसारखे ॲक्रिलिक गोंद आणि सिलिकॉनचे गोंद यांना त्यांच्या-त्यांच्या नावानं मिळणारं रिमूव्हर लागतं. ॲक्रिलिकला आयसोप्रोपिल मिरिस्टेटही चालतं. नखांचं ॲसिटोन चेहऱ्यावर कशासाठीही आणू नका.

चपटा ब्रश रिमूव्हरमध्ये भिजवा आणि तुकड्याची एक कड शोधा. शक्यतो कपाळावरून किंवा कानाजवळून सुरू करा, डोळ्याजवळून कधीच नाही. ब्रश कडेखाली सरकवा, थांबा, कड सैल झाली की अजून थोडा आत. दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालची त्वचा दाबून धरा, म्हणजे तुकडा त्वचेपासून सुटतो, त्वचा तुकड्याबरोबर वर येत नाही. ब्रशला अडथळा जाणवला की तिथे गोंद बाकी आहे, तिथे ओढायचं नाही, पुन्हा द्रव सोडायचा. पूर्ण चेहऱ्याच्या प्रोस्थेटिकला (चिकटवलेल्या नकली कातडीला) पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. घाईत ओढून काढलेल्या तुकड्याखाली लालभडक पट्टा उठतो आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच पट्ट्यावर गोंद लावायचा असतो.

द्रव लेटेक्सची सोललेली कातडी असेल तर कडांना कोमट साबणाचं पाणी किंवा तेल लावून ती बोटांनी गुंडाळत न्या, केसांच्या दिशेनं. मेणाची जखम बोथट स्पॅच्युलानं आधी खरवडून घ्या आणि उरलेलं तेलानं. जिलेटिन कोमट पाण्यानं मऊ पडतं. लेटेक्सचा तुकडा पुन्हा वापरायचा असेल तर त्याला तेल लागू देऊ नका, तेलानं लेटेक्स कुजतं.

तिसरी पायरी: डोळे

डोळ्यांभोवतीच्या हाडाच्या कडेच्या आत अल्कोहोल नाही, आयसोप्रोपिल मिरिस्टेट नाही, गोंदाचं रिमूव्हर नाही. तिथे फक्त डोळ्यांसाठीचं रिमूव्हर. पॅड भिजवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर ठेवा आणि वीस-तीस सेकंद नुसतं धरून ठेवा. मग खाली आणि बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा. पॅड उलटा करून पुन्हा तेच. पापण्यांच्या केसांच्या मुळाशी काळा राहिलाच तर ओला इअरबड वरून खाली फिरवा. खोबणीतला काळा रंग पहिल्या फेरीत पूर्ण जात नाही; राहू द्या, धुताना जातो. मुळात खोबणीत अल्कोहोलचा रंग मारायचाच नसतो. तिथला काळा मलईच्या किंवा पाण्याच्या रंगानं केला तर रात्रीचं निम्मं संकट टळतं.

चौथी पायरी: चेहरा

चेहरा कोरडा हवा. ओल्या चेहऱ्यावर तेल लावलं तर ते पापुद्र्यापर्यंत पोहोचत नाही, नुसतं घसरतं. ही चूक इतकी सर्रास होते की मी बेसिनच उतरवण्याच्या टेबलापासून लांब ठेवतो.

पाण्याचा रंग असेल आणि सीलर नसेल तर फार काही करायचं नाही. फेसवॉशचा फेस चेहऱ्यावर मिनिटभर राहू द्या, कोमट पाण्यानं धुवा, पुन्हा एकदा तेच. सिलिकॉनचा असेल तर मिनरल ऑइल किंवा क्लिन्झिंग बाम तळहातांवर घेऊन चेहऱ्यावर पसरवा, साठ सेकंद थांबा, बोटांच्या पेरांनी गोल फिरवा. रंग चिखलासारखा सैल झाला की मऊ टॉवेलनं उचलून घ्या.

अल्कोहोलच्या रंगाला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो, आणि सगळे चुकतात ते इथेच. बहुतेकांच्या मनात येतं की अल्कोहोलचा रंग अल्कोहोलनंच काढावा. तर्क चुकीचा नाही, अल्कोहोल तो पापुद्रा खरंच विरघळवतं. पण ते क्षणात उडून जातं, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं, आणि दर फेरीत त्वचेतलं स्वतःचं तेल धुऊन नेतं. सात रात्री सलग केलं तर चेहरा कागदासारखा होतो. हातांवर, पायांवर एखादा हट्टी डाग असेल तर ७० टक्क्यांचं चालेल, चेहऱ्यावर नको.

चेहऱ्यासाठी आयसोप्रोपिल मिरिस्टेट. हा मिरिस्टिक आम्ल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांपासून होणारा एस्टर. रंगहीन, जवळजवळ बिनवासाचा, हाताला पातळ तेलासारखा. त्याचा मोठेपणा असा की तो उडून जात नाही. लावलेल्या जागी बसून राहतो, पापुद्र्याच्या खाली झिरपतो आणि त्याला आतून सैल करतो. आपण फक्त वाट पाहायची.

असं करा. चेहऱ्याचे चार भाग धरा: कपाळ, एक गाल, दुसरा गाल, हनुवटी आणि जबडा. कपाळापासून सुरू करा. भरपूर भिजलेला पॅड कपाळावर टेकवून चाळीस-साठ सेकंद धरा. घासायचं नाही, दाबायचंही नाही. मग पॅडची एक हलकी ओढ द्या. रंग पॅडवर आला तर तसंच पुढे जा. रंगानं फक्त कड सोडली असेल तर पॅड पुन्हा टेकवा. एक भाग स्वच्छ झाला की नवीन पॅड घेऊन पुढचा भाग. जुन्या पॅडनं पुढे गेलात तर सैल झालेला रंग स्वच्छ कपाळावर पुन्हा पसरतो, आणि मग वाटतं की रंग निघतच नाही.

एक युक्ती. कपाळ पुसायला घेण्याआधीच दोन्ही गालांवर आणि जबड्यावर भिजलेले पॅड चिकटवून द्या. कपाळ होईपर्यंत गालांवरचा रंग सुटायला आलेला असतो. एकूण वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि कलाकारही खुर्चीत निवांत डोळे मिटून बसतो.

ओठ, नाकपुड्यांच्या कडा आणि नाकाच्या बाजूची खाच यांना इअरबड. नाकात रंग आणि धुराचा थर गेलेला असतो. साध्या पाण्यानं हळूच नाक साफ करायला सांगा आणि टिश्यूवर काळं दिसलं तर घाबरायचं नाही.

पाचवी पायरी: केसांची रेषा, दाढी, कान, मान, हात

चेहरा आरशात स्वच्छ दिसतो आणि माणूस घरी जातो. सकाळी उशीवर हिरवा डाग. तो येतो कानामागून आणि केसांच्या रेषेतून.

केसांत अडकलेल्या रंगाला तेल उत्तम. बोटांनी मुळांशी तेल मुरवा, दोन-तीन मिनिटं ठेवा, बारीक दातांच्या कंगव्यानं टोकांच्या दिशेनं ओढा, मग कोरड्या केसांवरच शाम्पू चोळा आणि नंतर पाणी घाला. आधी पाणी घातलं तर तेल केसांत अडकून राहतं. दाढीलाही हेच. कानाच्या पाळीमागे पॅड, कानाच्या वळणांत इअरबड. कानाच्या भोकात काहीही घालायचं नाही. मानेवर कॉलरखालची रेषा विसरू नका. हातांना चेहऱ्याइतकं जपायची गरज नाही, पण नखांच्या कडेची कातडी काळी राहते, तिला रात्री पेट्रोलियम जेली लावून झोपलं तर सकाळी निम्मा रंग आपसूक निघतो.

डाग राहिला तर

सगळा रंग निघाला, तरी गालावर फिकट हिरवी किंवा गुलाबी सावली राहते. ही पापुद्र्याची नाही. रंगकण त्वचेच्या वर बसतात, पण विरघळणारी रंगद्रव्यं, विशेषतः नकली रक्तातलं लाल, आणि काही हिरवी-निळी, त्वचेच्या सगळ्यांत वरच्या मृत पेशींत शोषली जातात. तिथे कोणतंही रिमूव्हर फारसं चालत नाही.

शेव्हिंग फोमचा जाड थर लावा, एक-दोन मिनिटं ठेवा, ओल्या मऊ कपड्यानं उचला. बराचसा डाग फिका होतो. उरलेला राहू द्या, पेशी झडतील तसा तो दोन-तीन दिवसांत जाईल, आणि तसंही उद्या संध्याकाळी त्यावर पुन्हा प्रेत रंगवायचंच आहे. लिंबू, टूथपेस्ट, खरखरीत स्क्रब, ब्लीच यांतलं काहीही नको. डागाच्या मागे लागून कातडी सोलून घेतलेल्या कलाकाराला मी आठवडाभर मास्कच्या भूमिकेत बसवलं आहे. दोष त्याचा कमी, त्याला फोम न देणाऱ्या माझाच जास्त.

सहावी पायरी: धुणं आणि मॉइश्चरायझर

रिमूव्हर चेहऱ्यावर ठेवून झोपायचं नाही. आयसोप्रोपिल मिरिस्टेट रोमछिद्रं बुजवणारं म्हणून ओळखलं जातं. पुळ्यांची प्रवृत्ती असलेल्यांना ते न धुता ठेवल्याचा फटका लगेच दिसतो. सौम्य, फेस कमी असलेल्या फेसवॉशनं दोन वेळा धुवा. पहिल्या वेळेला तेल निघतं, दुसऱ्या वेळेला चेहरा. अंगाचा साबण टाळा. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ५ सामूच्या (pH) आसपास असतो, आणि साध्या साबणाचा सामू ९-१० पर्यंत जातो. आधीच शिणलेल्या त्वचेला तो परवडत नाही.

पाणी कोमट. कढत पाण्यानं रोमछिद्रं उघडतात आणि रंग बाहेर येतो, असं हमखास कुणीतरी सांगतं. रोमछिद्रांना उघड-मीट करणारे स्नायूच नाहीत. कढत पाण्यानं होतं ते एवढंच की लाल झालेला चेहरा आणखी लाल होतो.

टॉवेलनं टिपून घ्या आणि चेहरा थोडा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं, सुगंध नसलेलं. जिथे गोंद होता तिथे वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. त्या रात्री दाढी नाही, स्क्रब नाही, रेटिनॉल किंवा आम्लांची सीरम नाहीत.

काही बिघडलं तर

डोळ्यात रिमूव्हर गेलं तर बाकी सगळं सोडून स्वच्छ वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान पंधरा मिनिटं धुवा. लेन्स अजून आत असेल तर धुता धुता काढून टाका. त्यानंतरही दुखत असेल, धूसर दिसत असेल, उजेड सहन होत नसेल तर डॉक्टर. पंधरा मिनिटं हा फार मोठा वेळ वाटतो. मोबाइलवर टायमर लावा, अंदाजानं धुणारा माणूस दोन मिनिटांत थांबतो.

चेहरा लाल झाला तर त्याची गोष्ट वेळेवरून ओळखता येते. लावताना किंवा काढतानाच आग झाली आणि काही तासांत शमली, तर ती बहुतेक नुसती चिडलेली त्वचा. एक-दोन रात्री रंग थांबवला, मॉइश्चरायझर लावत राहिलं की सावरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज सुटली, पुरळ उठलं, रंग नव्हता तिथपर्यंतही पसरलं, तर ॲलर्जीचा संशय घ्या आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जाताना सगळ्या बाटल्यांच्या घटकांचे फोटो घेऊन जा. लेटेक्सची ॲलर्जी असलेल्यांची गोष्ट निराळी. ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला, तर ती तातडीची वेळ आहे, टेबलावर उपाय शोधायची नाही.

पुन्हा उद्या संध्याकाळी

हंगामात रोज रात्री रंग चढतो, म्हणून त्वचेला सावरायला मधले वीस तासही मिळत नाहीत. कलाकार खुर्चीत बसला की रंगाच्या आधी त्याचा चेहरा दिव्याखाली नीट पाहा. सोललेली, ओली किंवा चिरलेली जागा दिसली की तिथे रंग नाही आणि गोंद तर मुळीच नाही. अशा रात्रीसाठी प्रत्येक भूमिकेचा एक मास्कवाला किंवा कापडानं झाकता येईल असा पर्याय आधीच ठरवलेला असावा. व्यवस्थापकांना हे पटवावं लागतं, आणि ते पटतं तेव्हा, जेव्हा तुम्ही त्यांना सांगता की शनिवारच्या गर्दीत चेहरा सुजून घरी बसलेल्या भुतापेक्षा शुक्रवारी मास्क घालून उभं राहिलेलं भूत परवडतं.

रोमछिद्रं बुजून पुळ्या येत असतील तर गोंदाची जागा थोडी सरकवता येते का ते पाहा, रंगाचा थर कपाळावर कमी करून मानेवर वाढवा. चिठ्ठीवर त्याची नोंद करा, आणि चिठ्ठी रात्री फेकू नका. दहाव्या रात्री कुणाच्या चेहऱ्याला काय मानवलं नाही हे त्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातूनच कळतं.